सोळापासूनची चूक

माझ्या बायकोला बॅडमिंटन खेळता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. रॅकेट ती झाडूसारखी धरते. आयुष्यात तिने एक शटल धड नेटपलीकडे पाठवलेलं नाही. आणि तरीही त्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता ती हॉलच्या मधल्या कोर्टावर पंचाच्या उंच खुर्चीत बसली होती आणि मी वर गॅलरीत पहिल्या रांगेत होतो.

तिची ती पंचाची परीक्षा होती. लेखी परीक्षा तिने दोन महिन्यांपूर्वी पास केली होती, तीही पहिल्या नंबराने. आता राहिलं होतं प्रात्यक्षिक. एक खरा सामना पहिल्या सर्व्हिसपासून शेवटच्या गुणापर्यंत सांभाळायचा, आणि बाजूच्या टेबलाशी बसलेला परीक्षक तुम्हाला जोखणार. या परीक्षेला वयाची अट आहे, पन्नासच्या आत. पुढच्या महिन्यात हिला पन्नास पूर्ण होणार होती. म्हणजे पहिली संधी हीच आणि शेवटचीही हीच. पास झाली तर हॉलचे सेक्रेटरी तिला पंच म्हणून नेमणार होते, तसा त्यांनी शब्दच दिला होता. नापास झाली तर सोमवारी पहाटे साडेपाचला पुन्हा पोछा.

कारण आमची ही त्याच हॉलमध्ये चौदा वर्षं जमीन पुसत आली आहे. तीन कोर्टं, लाकडी जमीन, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. गुडघे आता जिन्यावर कुरकुरतात. डॉक्टरांचं सांगून झालं, माझं ओरडून झालं, पण काम सोडून बसणाऱ्यांतली ती नव्हे.

खेळ तिला कळला तो पुसता पुसताच. कडेला दोन-दोन रेघा कशाला, मागे पुन्हा दोन कशाला, हे तिने एका मेंबराला विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला, "ताई, तुम्ही पुसा." हे तिला लागलं. पुढे एकदा बाकाखाली कुणीतरी विसरलेलं नियमांचं पुस्तक सापडलं. दुसरी कोणी असती तर पिशवीत टाकून मोकळी झाली असती. हिने ते आठ दिवस काउंटरवर मालकाची वाट बघत ठेवलं, नवव्या दिवशी सेक्रेटरींना विचारलं आणि मग घरी आणलं. तेव्हापासून आमच्या घराची शांतता गेली.

मी शिंपी आहे. बाहेरच्या खोलीत माझं मशीन, आतल्या खोलीत तिचा ओटा, मधे एक दार. मी मशीन चालवत प्रश्न विचारायचे आणि तिने भाजी चिरत उत्तरं द्यायची, असं वर्षभर चाललं.

"एकेरीचं कोर्ट?"

"अरुंद आणि लांब. कडेची बाहेरची पट्टी धरायची नाही, मागची धरायची."

"दुहेरीची सर्व्हिस?"

"रुंद आणि आखूड. कडेची पट्टी आत, मागची बाहेर. सर्व्हिस झाली की मग मागचीही आत."

"शटल रेघेवर पडलं?"

"आत. रेघ कोर्टाचीच असते. आणि पुस्तक मिटून विचारा, बघून काय कुणीही विचारेल."

सर्व्हिस करताना शटल जमिनीपासून एक मीटर पंधरा सेंटिमीटरच्या खालीच मारलं पाहिजे, हे वाचलं तेव्हा तिने माझा टेप मागितला. मी म्हटलं, अगं सव्वापंचेचाळीस इंच, मला टेप लागत नाही. तरी तिने दाराच्या चौकटीवर खडूची खूण करून घेतलीच. मग येणाऱ्याजाणाऱ्याला त्या खुणेजवळ उभं करून म्हणायची, हात असा धरा बघू. माझी आई वैतागून म्हणाली, "सुनेला वेड लागलंय आणि पोराला ते कळत नाहीये." आईच्या हातून फुलपात्र पडलं तर आतून आवाज यायचा, "फॉल्ट!" आई चार दिवस रुसली. पाचव्या दिवशी माझ्या हातून चहा सांडला तेव्हा आईच ओरडली, "फॉल्ट!"

सगळ्यात अवघड होतं ते दुहेरीत सर्व्हिस कोणी करायची ते. ते मला समजावं म्हणून तिने माझ्या कापायच्या टेबलावर दोऱ्याची चार रिळं मांडली, दोन इकडे, दोन तिकडे. आपल्या बाजूचे गुण सम असले तर उजवीकडच्याने सर्व्हिस करायची, विषम असले तर डावीकडच्याने. सर्व्हिस करून गुण मिळवला तर दोघांनी आपापसांत जागा बदलायच्या आणि त्याच खेळाडूने पुढची सर्व्हिस करायची. समोरच्यांनी गुण घेतला तर कोणी हलायचं नाही, सर्व्हिस तिकडे जाते. एवढंच. पण एकदा जागा चुकल्या की चूक पुढे सरकत राहते. एक बटण खालच्या काजात गेलं की शर्ट शेवटपर्यंत वाकडाच लागतो, तसं.

"आणि चूक नंतर लक्षात आली तर?" मी विचारलं होतं.

"दुरुस्त करायची. झालेले गुण तसेच राहतात."

"मग ओरड कसली?"

"ओरड होतेच," ती म्हणाली होती.

तर तो रविवार. मुलींच्या दुहेरीची उपांत्य फेरी. एका बाजूला निळ्या कपड्यांतल्या दोघी, एक लांब वेणीवाली आणि एक चष्मेवाली. दुसऱ्या बाजूला पिवळ्यातल्या दोघी, सख्ख्या बहिणी. एकवीस गुणांचा गेम, तीनपैकी दोन जिंकायचे. पहिला निळ्यांनी घेतला, दुसरा बहिणींनी.

ही खुर्चीत ताठ बसली होती. मी शिवलेली काळी पँट, पांढरा शर्ट, मांडीवर गुणपत्रक. तिचा आवाज ऐकून मला धक्काच बसला. घरात जी "अहो, गॅस बंद करा" म्हणते तीच ही. गुण सांगताना आवाज असा की गॅलरीतली कुजबुज थांबावी. बहिणींतल्या धाकटीची रॅकेट नेटला निसटती लागली, कोणाला कळलंही नव्हतं, तर हिने लगेच "फॉल्ट" दिला. धाकटीने मान खाली घालून कबूल केलं. परीक्षकाने काहीतरी लिहिलं. माझी छाती दोन इंच फुगली, आणि मी मापात चुकत नाही.

तिसऱ्या गेममध्ये अकराला बाजू बदलल्या. तिथेही सगळं नीट पार पडलं. मग वेणीवालीने सर्व्हिस करून गुण घेतला आणि निळ्या सोळा-पंधरा अशा पुढे गेल्या. त्या रॅलीत थोरली बहीण पडली होती आणि जमिनीवर घाम सांडला होता. पुसायला हवं होतं.

हिच्या जागी त्या दिवशी बदलीवर एक बाई आल्या होत्या. त्या पोछा घेऊन धावत आल्या आणि पुसायला लागल्या. पुसत कसल्या होत्या, ओल पसरवत होत्या. पोछा पिळलेलाच नव्हता. मी गॅलरीतून हिच्याकडे बघितलं. ही खेळाडूंकडे बघतच नव्हती. तिचे डोळे पोछ्यावर होते. ओठ घट्ट मिटले होते. उजव्या हाताचं मनगट मांडीवर आपोआप वळत होतं, पिळल्यासारखं. जित्याची खोड. शेवटी तिने खाली वाकून त्या बाईंना सांगितलं, कोरड्या फडक्याने घ्या, रेघेच्या दिशेने घ्या. जमीन कोरडी झाली. ती सावरून बसली आणि म्हणाली, "खेळा."

तेवढ्यात निळ्या दोघी पाणी पिऊन परत आल्या होत्या आणि शटल चष्मेवालीच्या हातात होतं.

मी मनात रिळं मांडली. सोळा, सम, उजवी बाजू. पंधराला सर्व्हिस केली वेणीवालीने. गुण तिने मिळवला. मग सोळालाही सर्व्हिस तिचीच. ही चष्मेवाली कशी? मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच आलं. चष्मेवालीने सर्व्हिस केली, निळ्यांनी गुण घेतला. सतरा-पंधरा.

तोंड उघडायचं नाही, हा नियम मला हिनेच शिकवला होता. प्रेक्षकाने खुणा करायच्या नाहीत, बोलायचं नाही. मी हातांवर बसलो, अक्षरशः. बहिणींनी ओळीने तीन गुण घेतले. सतरा-सोळा, सतरा-सतरा, मग त्याच अठरा-सतरा पुढे. निळ्या अजून उलट्याच उभ्या. कुणाच्या बापाला कळलं नव्हतं. बहिणी दमल्या होत्या, त्यांचा कोच प्रत्येक शटलला ओरडत होता, परीक्षक चष्मा पुसत होता. निळ्यांनी गुण घेतला, अठरा-अठरा. आता सर्व्हिस वेणीवालीने केली. खरं तर ती चष्मेवालीची होती. वेणीवालीची सर्व्हिस फार घातकी, शटल नेटवरून केसाच्या अंतराने जायचं. निळ्या एकोणीस-अठरा.

हिने मांडीवरच्या कागदावर एकोणीस लिहिलं. मान वर केली. आणि तिचा हात थांबला.

काय झालं असणार ते मी वरून ताडलं. त्या कागदावर प्रत्येक खेळाडूची वेगळी ओळ असते. सर्व्हिस ज्याची, त्याच्या ओळीत आकडा. हिचा हात नियमाने चालतो, डोळ्यांनी नाही. सोळापासून प्रत्येक आकडा तिने जिथे असायला हवा तिथेच लिहिला होता. एकोणीस चष्मेवालीच्या ओळीत लिहिला. आणि समोर शटल घेऊन वेणीवाली उभी होती. म्हणजे कागद बरोबर, कोर्ट चूक. नाहीतर कोर्ट बरोबर, कागद चूक. ती कागदाकडे बघत होती, कोर्टाकडे बघत होती, पुन्हा कागदाकडे.

झाकली मूठ सव्वा लाखाची. कागदावर डाग नव्हता. खेळाडूंना पत्ता नव्हता. दोन गुण व्हायचे बाकी होते आणि सर्टिफिकेट हातात. मी मनात म्हणत होतो, बये, खेळ चालू दे.

तेव्हा तिने वर बघितलं. सामना सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. सरळ माझ्याकडे. आणि मी, ज्याला खुणा करायच्या नसतात हे पाठ होतं, त्याने मान हलवली. दोनदाच, अगदी थोडी. नको. बोलू नकोस.

तिने हात वर केला. "थांबा."

तिने आधी वेणीवालीकडे, मग चष्मेवालीकडे बोट केलं. "निळ्या जोडीची सर्व्हिसची चूक आहे," ती म्हणाली. "सर्व्हिस यांची नाही, यांची आहे. जागा बदला. गुण तसेच, एकोणीस-अठरा."

इथवरही ठीक होतं. पंचाने आत्ताची चूक पकडली असं दिसलं असतं. वाहवाच झाली असती. पण बहिणींचा कोच उठला. "चूक केव्हापासूनची आहे?"

मी डोळे मिटले. आत्ताची म्हण. एवढं एक वाक्य म्हण.

"सोळापासूनची," ही म्हणाली. "पुसायला थांबलो होतो तेव्हापासून. माझं लक्ष नव्हतं."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मग जी ओरड झाली ती झाली. बहिणींचा कोच म्हणे ते सगळे गुण पुन्हा खेळवा. निळ्यांचा कोच म्हणे ऐन वेळी आमच्या पोरींची लय मोडली, आता जे चाललंय तेच चालू द्या. दोघे एकमेकांचं तोंड न बघणारे, पण हिच्यावर तुटून पडायला एक झाले. ही खुर्चीत तशीच ताठ. तिने तीनदा तेच वाक्य तेवढ्याच आवाजात सांगितलं. "चूक दुरुस्त होते. गुण बदलत नाहीत. खेळा."

चष्मेवालीने शटल घेतलं. पोरीचं तोंड पांढरं पडलं होतं. तिची सर्व्हिस पुढच्या रेघेच्या अलीकडेच पडली. एकोणीस समान. मग बहिणी वीस, मग निळ्या वीस. वीस समान झाल्यावर दोनाची आघाडी लागते. बहिणींनी सलग दोन घेतले. बावीस-वीस. खाली उड्या मारणं, मिठ्या, आणि दुसऱ्या बाजूला चष्मेवाली जमिनीवर बसून हमसून रडत होती. तिच्या जवळून जाताना निळ्यांचा कोच मोठ्याने म्हणाला, "पोछेवालीला खुर्चीत बसवलं की हेच होणार."

मी जिना कसा उतरलो मला आठवत नाही. मी भांडकुदळ माणूस नाही, गिऱ्हाइकांची कटकट ऐकून माझे कान मेलेत, पण त्या दिवशी मी त्याची कॉलर धरली असती. तो बाहेर निघून गेला होता. त्याचं नशीब, आणि बहुतेक माझंही.

कार्यालयाचं दार उघडं होतं. मी बाहेर उभा राहिलो. आत परीक्षक टेबलापलीकडे, ही अलीकडे, उभीच. माणूस वाईट नव्हता. त्याने तिला बसा म्हटलं, ती बसली नाही.

"नियमांत तुम्हाला कोणी हात लावू शकणार नाही," तो म्हणाला. "पण बाई, पाच रॅली चुकीच्या खेळाडूंनी खेळल्या."

"सहा," ही म्हणाली.

त्याने पेन खाली ठेवलं. हिचा कागद जवळ ओढला, बोट फिरवत एकेक ओळ वाचली. बराच वेळ लागला त्याला. मग म्हणाला, "या कागदावर तर चूक कुठेच नाही."

"कागद बरोबर आहे, साहेब. पोरी चुकीच्या उभ्या होत्या."

"तुम्ही बोलला नसता तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. खिडकीकडे बघत म्हणाला, "खरं सांगू का, मलाही दिसलं नव्हतं."

"मग तेही लिहा," ही म्हणाली. उद्धटपणे नव्हे. नियम सांगावा तसं.

त्याने ते लिहिलं की नाही, मला माहीत नाही. हिच्या अर्जावर काय लिहिलं ते मात्र मी दारातून वाचलं. अनुत्तीर्ण. वयाबद्दल काही सवलत मिळते का, हे विचारायला मी आत पाय टाकला, तर तिने मागे न बघताच हाताने मला थांबवलं. चौदा वर्षं पोछा पिळून त्या हाताची बोटं वाकडी झाली आहेत.

हॉलच्या मागच्या दाराने बाहेर पडलं की दगडी पायऱ्या आहेत. ती कठडा धरून एकेक पायरी उतरत होती आणि मी तिच्या मागे. माझा राग मावत नव्हता. कोचवरचा, परीक्षकावरचा, तिच्यावरचा.

"जीभ आवरता आली नसती?" मी शेवटी म्हणालोच. "वर्षभर मी प्रश्न विचारले ते याच्यासाठी? कोणाला कळलं होतं? सांग ना, एकाला तरी कळलं होतं?"

"तुम्हाला कळलं होतं."

मी तिच्या मागच्याच पायरीवर थांबलो.

"केव्हा कळलं?" तिने विचारलं.

"सोळालाच."

तिने मान डोलावली. दोन पायऱ्या आणखी उतरली आणि थांबली, गुडघ्यावर हात ठेवून.

"मला कळत नव्हतं," ती म्हणाली. "खरंच. कागद चुकलाय की पोरी चुकल्यात, मला सांगता येईना. पोछ्याकडे बघत होते, त्यामुळे मधलं काही डोळ्यांपुढे येईना. वाटलं, कागदच चुकला असेल, जाऊ दे. बोलणारच नव्हते मी."

"मग?"

"मग वर बघितलं. तुम्ही मान हलवलीत."

"ती बोलू नकोस म्हणून हलवली होती!"

"ते कळलं मला. बावीस वर्षं ओळखते तुम्हाला," ती म्हणाली. "चूक झालीच नसती तर गप्प बस म्हणायची वेळ कशाला आली असती तुमच्यावर? तिथेच खात्री पटली."

ती पुढे उतरायला लागली. मी तिथेच त्या पायरीवर बसलो. मला रडू आलं, भर दुपारी, रस्त्यावरून माणसं जात असताना. खालून तिने एकदा हाक मारली, मग ती माझ्या उठण्याची वाट बघत उभी राहिली.